अल्माटीत ताटात घोड्याचं मांस आलं तर ओळखायचं कसं, आणि नको कसं म्हणायचं?

खारीगावकर (कळवा)

नमस्कार मंडळी. भाची एमबीबीएससाठी कझाकस्तानातल्या अल्माटीला जाते आहे. आमच्याकडे श्रावण आणि मार्गशीर्षातले गुरुवार सोडले तर मटण, कोंबडी, मासळी सगळं चालतं. पण कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, त्यामुळे घोडा खायचा नाही यावर घरात दुमत नाही. तिकडे मात्र घोडा हे रोजचं खाणं आहे असं कळलं.

नेमकं विचारायचं ते असं. कॅन्टीनच्या पाटीवर किंवा बाजारात ते कुठल्या नावाने असतं? किसलेल्या मांसात, सॉसेजमध्ये मिसळलेलं असतं का? कुणाच्या घरी जेवायला बोलावलं तर अपमान न करता नाही कसं म्हणायचं? आणि चुकून खाल्लं गेलंच तर तब्येतीला धोका आहे का? आपल्यात घोडा का खात नाहीत हेही कुणी नीट सांगितलं तर बरं, कारण भाची तेच विचारते आहे आणि "खात नाहीत म्हणून खात नाहीत" यापलीकडे आम्हाला उत्तर देता येत नाही.

---

वाशी_सेक्टर९

आधी शब्द, कारण निम्मं काम तिथेच होतं. अल्माटीत रशियन आणि कझाक दोन्ही चालतात, म्हणून दोन्हीतले शब्द पाठ हवेत.

रशियनमध्ये घोड्याचं मांस म्हणजे कोनिना. गव्यादिना गाईबैलाचं, बारानिना मेंढीचं, स्वीनिना डुकराचं, कूरित्सा कोंबडी. कझाकमध्ये घोडा म्हणजे झिल्की आणि मांस म्हणजे एत, म्हणून घोड्याचं मांस झिल्की एती. यातला झ आपल्या "झाड"मधला नाही, जीभ टाळूला न टेकवता घासून काढायचा आहे.

आता पदार्थ. खालची नावं दिसली तर तो घोडाच, विचारायचीही गरज नाही:

कझी: बरगडीवरचं मांस चरबीसकट लांब पट्ट्यांत कापून, मीठ-मिरी-लसूण लावून घोड्याच्याच आतड्यात भरलेलं. कापल्यावर एका बाजूला गडद लाल मांस आणि दुसऱ्या बाजूला पिवळसर चरबी अशी चकती दिसते.
शुझिक: मांसाचे तुकडे आणि चरबी आतड्यात भरून केलेलं. 
कार्ता: मोठं आतडं उलटं करून, चरबीची बाजू आत घेऊन शिजवलेलं.
झाया: पुठ्ठ्याचं मांस, खारवून किंवा धुरी देऊन.
झाल: आयाळीखालची चरबी.

बेशबार्माक हा तिकडचा मानाचा पदार्थ. पिठाच्या लाटलेल्या चौकोनी पट्ट्या उकडून त्यावर मांस आणि कांद्याचा रस्सा. तो मेंढीचाही होतो, पण सणासमारंभाला घोड्याचं मांस आणि वर कझीच्या चकत्या ठरलेल्या. मांसाच्या पाण्याला सोर्पा म्हणतात, ते वाडग्यातून वेगळं पितात. भाचीने मांस बाजूला सारलं आणि सोर्पा प्यायली तर उपयोग शून्य, कारण सगळं एकाच पातेल्यात शिजलेलं असतं. त्या पिठाच्या पट्ट्याही त्याच पाण्यात उकडतात. नव्या मुलं-मुलींची फसगत बहुतेक इथेच होते.

मिसळण्याबद्दल: पुलाव, ज्याला तिथे प्लोव म्हणतात, बहुधा मेंढीचा किंवा गाईबैलाचा असतो, पण समारंभात वर कझीचे तुकडे ठेवतात. लाग्मान (नूडल्स) आणि साम्सा (आपल्या समोशाचा भाऊबंद, पण भट्टीत भाजलेला) यांत घोडा क्वचित. मांती म्हणजे उकडीच्या मोदकासारखा वाफवलेला प्रकार. त्यातलं सारण बारीक चिरलेलं असतं आणि घरोघरी वेगळं, म्हणून तिथे विचारायलाच हवं. कोल्बासा (सॉसेज) आणि तुशोंका (डबाबंद मांस) घेताना वेष्टनावरचे घटक वाचायचे, या दोन्हींत घोड्याचे वेगळे प्रकार मिळतात.

बाजारात घोळ कमी होतो. अल्माटीच्या मध्यवर्ती ग्रीन बाजारात मांसाच्या ओळी प्राण्यांप्रमाणे वेगळ्या आहेत आणि वर पाट्या आहेत. खरा धोका तयार अन्नात.

नाही म्हणायचं वाक्य: "या न्ये येम कोनिनु", म्हणजे मी घोड्याचं मांस खात नाही. कझाकमध्ये: "मेन झिल्की एतिन झेमेयमिन". मागे राखमेत (आभार) लावायचं. वाक्य पहिला घास वाढायच्या आधी म्हणायचं. ताटात पडल्यावर सांगितलं तर यजमानाला वाटतं की चव आवडली नाही, आणि ते जास्त लागतं.

घरी बोलावल्यावर एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: नान, म्हणजे त्यांची रोटी, कधीच नाकारू नये. घाईत निघालेल्या माणसालाही ते नानचा तुकडा मोडून तोंडात टाकायला लावतात, आपल्याकडे दारात आलेल्याला गूळ-पाणी देतात तसं. नान, बाउरसाक (तळलेले पिठाचे गोळे), चहा, सुकामेवा एवढं मनापासून घेतलं की मांस न खाल्ल्याचं कुणी मनाला लावून घेत नाही. आणि "आमच्या देवाचं वाहन आहे" हे कारण सांगायला लाजू नये. ज्यांच्याकडे घोडा जीव की प्राण आहे त्यांना ते लगेच कळतं.

---

कौसा_मुंब्रा

@खारीगावकर, वर कझाक लोकांचा विषय निघालाय म्हणून. ते बहुसंख्य मुसलमान, तरी घोडा खातात, आणि मुंब्रा-भिवंडीत कुणी खात नाही. यावरून इथल्या काहींना वाटतं की इस्लाममध्ये तो हराम असावा. तसं नाही.

खैबरच्या मोहिमेवेळी पैगंबरांनी पाळीव गाढवाचं मांस मना केलं आणि घोड्याच्या मांसाला परवानगी दिली, अशी हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतीची नोंद) बुखारींच्या संग्रहात आहे. इमाम शाफई यांच्या मताने घोडा खायला हरकत नाही. इमाम अबू हनीफा यांनी तो मकरूह, म्हणजे नापसंत, मानला. एक आधार कुरआनच्या सोळाव्या सूरेतल्या आठव्या आयतीचा, जिथे घोडे, खेचरं, गाढवं स्वारीसाठी आणि शोभेसाठी दिल्याचं सांगितलं आहे. दुसरं कारण व्यवहाराचं: घोडा लढाईला लागतो, तो कापून संपवू नये. पण त्यांचेच शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद यांनी परवानगीच्या बाजूने मत दिलं.

आता गंमत बघण्यासारखी आहे. कझाक हनफी, म्हणजे अबू हनीफांचा पंथ मानणारे, तरी खातात. आपले कोकणी मुसलमान शाफई, म्हणजे मजहबाप्रमाणे (पंथाप्रमाणे) मोकळीक पूर्ण, तरी कोकणात कुठल्याही दावतीत घोडा शिजत नाही. म्हणजे धर्मग्रंथाने दार उघडं ठेवलं तरी आत जायचं की नाही हे मुलूख ठरवतो. कोकणात घोड्यांचे कळपच नव्हते, चराऊ गवताळ मैदानं नव्हती. भात, नारळ आणि मासळीच्या मुलखात घोडा खाण्याचा प्रश्न कधी उभाच राहिला नाही.

यहुद्यांचा नियम मात्र सरळ आहे. रवंथ करणारा आणि दुभंगलेल्या खुराचा प्राणीच चालतो. घोडा रवंथ करत नाही आणि त्याचा खूर अखंड, म्हणून दोन्ही कसोट्यांवर बाद. ठाण्यात १८७९ सालचं सिनेगॉग आहे, तिथल्या बेने इस्राएल मंडळींची मायबोली मराठीच. त्यांच्या घरी हा प्रश्न विचारला तर उत्तर अर्ध्या वाक्यात मिळेल.

---

पोखरण_रोड_२

धर्माचं कशाला एवढं? अश्वमेधात घोडा मारत होते आणि शिजवतही होते. आपलेच पूर्वज खायचे आणि आपण आता दुसऱ्यांना नावं ठेवतो. प्रोटीन म्हणून बघा. कच्च्या १०० ग्रॅममध्ये साधारण १३३ कॅलरी, २१ ग्रॅम प्रथिनं, ५ ग्रॅमहून कमी चरबी, लोह जवळपास ४ मिलिग्रॅम. परदेशात राहून हेच खाणं शहाणपणाचं.

---

घणसोली_गावठाण

@पोखरण_रोड_२, आकडे बरोबर आहेत आणि अश्वमेधाचंही खरं आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष बरोबर नाही.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं १६२ वं सूक्त, दीर्घतमस ऋषींच्या नावावरचं, वाचून बघा. त्यात मांस शिजवायचं भांडं आहे, शिजलं का ते बघायची काठी आहे, अग्नीवर भाजताना अंगातून गळणारा रस आहे, आणि भोवती उभे राहून वास छान सुटलाय म्हणणारे लोकही आहेत. लपवाछपवी काही नाही. पण त्याच सूक्तात कापणाऱ्याला बजावलंय की अडाण्यासारखं सांधे चुकवून अंग वेडंवाकडं तोडू नकोस. घोड्याच्या चौतीस बरगड्या मोजल्या आहेत. आजच्या बहुतेक घोड्यांना अठरा जोड्या, म्हणजे छत्तीस असतात, काहींना सतरा जोड्या. आणि शेवटाकडे घोड्यालाच सांगितलंय की तू मरत नाहीस, सोप्या वाटांनी देवांकडे जातो आहेस. हे रोजच्या जेवणाचं वर्णन नव्हे. राजाच्या यज्ञातला तो एक घोडा, त्याचं मांस म्हणजे आहुती. त्यावरून "पूर्वज घोडा खायचे" म्हणणं म्हणजे सत्यनारायणाच्या प्रसादावरून "हे लोक रोज शिराच खातात" म्हणण्यासारखं.

@खारीगावकर, तुमच्या भाचीला जे उत्तर हवंय ते माझ्या मते यज्ञात नाही, मराठी घोड्याच्या कामात आहे.

मराठा फौजेत शिलेदार आणि बारगीर असे दोन प्रकार. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराला घोडा सरकारचा किंवा सरदाराचा. घोडा मेला की शिलेदाराची पत आणि कमाई दोन्ही गेली. भीमेच्या खोऱ्यातली भीमथडी तट्टं अंगाने लहान, पण चिवट आणि थोड्या चाऱ्यावर चालणारी. असं जनावर म्हणजे घरातला कमावता माणूस. त्याला कोण खाईल? खंडोबा घोड्यावर आहे तो याच समाजाचा देव म्हणून. वारीत चांदोबाच्या लिंबाला माउलींचं पहिलं उभं रिंगण लागतं, तिथे अश्व धावून गेला की लोक वाकून त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. ज्याच्या पायाची धूळ कपाळी लावायची त्याचं मांस पानात घ्यायचं नाही. यासाठी कुठल्याही पोथीत मनाई लिहिलेली असायची गरज नाही. अपमान वगैरे कुणाचा नाही, कझाक माणसाचाही नाही.

ही मनाई किती खोल आहे ते कूतच्या वेढ्यात दिसलं. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, आताच्या इराकमध्ये, कूत-अल-अमारा इथे सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. त्यात १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा होती. रसद संपली तेव्हा घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्या सैनिकांनी खाल्लं, हिंदी शिपायांनी नकार दिला. वेढ्यातल्या फौजेचा सेनापती जनरल टाउनशेंड याने हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवली, ती आलीही. तरी शिपाई अडून राहिले. भीती देवाची कमी आणि गावाची जास्त होती: परत गेल्यावर जातीबाहेर टाकतील, पोरींची लग्नं व्हायची नाहीत.

याची किंमत शरीराने मोजली. ताज्या मांसात थोडं क जीवनसत्त्व असतं. भाजीपाला आणि मांस दोन्ही नसल्यामुळे हिंदी शिपायांना स्कर्व्ही झाला: हिरड्या सुजून रक्त येणं, जुन्या जखमा भरून न येणं. उलट गोरे सैनिक पांढऱ्या पिठाच्या पावावर होते, त्यांना बेरीबेरी (ब१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा रोग) झाला, आणि हिंदी शिपाई कोंड्यासकट आट्याच्या पोळीमुळे त्यातून वाचले. एकाच वेढ्यात दोन ताटं आणि दोन वेगळे रोग. एप्रिलमध्ये बऱ्याच शिपायांनी घोडा खायला घेतला, पण तोवर अंगातली ताकद गेलेली होती.

म्हणून भाचीला मी दोन्ही गोष्टी सांगेन. नाही म्हणायला कारण आहे आणि ते मोठं आहे. पण उपाशी राहून ते पाळायचं नाही. अल्माटीत डाळ, तांदूळ, अंडी, कोंबडी, भाज्या, फळं सगळं मिळतं, तिथे कूतचा वेढा नाही.

---

पशुवैद्य_पनवेल

तब्येतीचं मी सांगतो.

नीट शिजलेलं, तपासणी झालेलं घोड्याचं मांस चुकून पोटात गेलं तर काही होत नाही. ना उलटीचं औषध लागतं, ना डॉक्टर. चवीला ते किंचित गोड लागतं, कारण स्नायूंत ग्लायकोजेन (शरीरात साठवलेली साखर) जास्त असतं. रंग गाईबैलाच्या मांसापेक्षा गडद, हवा लागली की अजून काळपट. चरबी पिवळी आणि मऊ, बोटाच्या उबेनेही पाघळते. शिजलेल्या बारीक तुकड्यात या खुणा टिकत नाहीत, म्हणून नुसत्या चवीवर विसंबू नका, विचारा.

धोका कच्च्या आणि अर्धकच्च्यात. ट्रायकिनेला नावाचा कृमी घोड्याच्या मांसातून माणसात आल्याने फ्रान्स आणि इटलीत १९७५ पासून अनेकदा साथी आल्या. घोडा गवत खाणारा, तरी हे घडलं, म्हणून युरोपात आता कापलेल्या प्रत्येक घोड्याची या कृमीसाठी तपासणी सक्तीची आहे. मांसाच्या गाभ्यात ७१ अंश सेल्सियस गाठलं की तो मरतो. जपानमध्ये कुमामोतो भागात घोडा कच्चाच, पातळ काप करून, आलं-लसूण आणि गोडसर सोया सॉसबरोबर खातात. त्याला बासाशी म्हणतात. तिथे सार्कोसिस्टिस या परजीवीमुळे जुलाब-उलट्या होतात हे लक्षात आल्यावर गोठवण्याचं माप ठरलं: गाभ्यात उणे २० अंशाला ४८ तास, उणे ३० ला ३६ तास, उणे ४० ला १८ तास. घरच्या फ्रीजरमध्ये जाड तुकड्याचा गाभा तेवढा थंड कधी होतो ते कळत नाही, म्हणून हा प्रयोग घरी करू नये.

कझीचंही तेच. मीठ लावून टांगलेली कझी तयार दिसली तरी ती कच्ची असते. थंड पाण्यात ठेवून उकळी आणायची, आच मंद करायची, सुईने चार-पाच ठिकाणी टोचायची आणि दोन तास तरी शिजवायची. टोचली नाही किंवा आच मोठी ठेवली तर आतडं फुटतं, चरबी पाण्यात जाते आणि मधला भाग शिजतच नाही. हॉस्टेलच्या शेगडीवर मैत्रिणी शिजवत असतील तर भाचीला निदान वेगळं पातेलं ठेवायला सांगा.

कुमिस म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध. मांस नव्हे, पण त्यात थोडं मद्य असतं, साधारण १ ते ३ टक्के. ताक समजून दोन वाडगे घशाखाली घालू नये. पहिल्यांदा पिणाऱ्याचं पोट बिघडू शकतं.

आणि इथली गोष्ट वेगळी आहे हे पोखरण रोडवाल्यांना सांगायचंय. ठाणे-रायगडातला घोडा म्हणजे वरातीची घोडी, माथेरानचं तट्टू किंवा शर्यतीतून निवृत्त झालेलं जनावर. यांना लंगडेपणावर फेनिलब्युटाझोन देतात, घोडेवाले त्याला ब्यूट म्हणतात. त्याने माणसाच्या अस्थिमज्जेचं काम बंद पडू शकतं. मांसात या औषधाचा किती अंश चालेल याची सुरक्षित मर्यादा ठरवता आलेली नाही, म्हणूनच युरोपात घोड्याच्या पासपोर्टावर (ओळखपत्रावर) एकदा ही नोंद झाली की तो जन्मभरासाठी खाण्यातून बाद. २०१३ च्या जानेवारीत आयर्लंडच्या तपासणीत बीफ बर्गरमध्ये घोड्याचा डीएनए सापडला, तेव्हा फसवणुकीइतकीच चिंता या औषधाची होती. आपल्याकडच्या घोड्याला असा पासपोर्ट नाही. शिवाय ग्लँडर्स हा घोड्याकडून माणसाला होणारा, जीवघेणा ठरू शकणारा रोग आपल्या देशात आहे. तो निघाला की जनावर मारून खोल पुरावं लागतं.

कायदाही स्पष्ट आहे. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत मांसासाठीचे प्राणी म्हणून मेंढी, शेळी, डुक्कर, गोवंश-म्हैसवर्ग, कोंबडीवर्ग, मासे असे प्रकार दिले आहेत. घोडा त्यात नाही, म्हणजे परवानाधारक कत्तलखान्यात तो कापता येत नाही. मटणाबद्दल संशय आला तर दुकानातला चौदा आकडी परवाना क्रमांक बघा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. हाडासकट तुकडा जपून ठेवा, डीएनए तपासणीत एका दिवसात प्राणी कळू शकतो.

---

खारीगावकर (कळवा)

सर्वांचे मनापासून आभार. रिंगणातल्या मातीचं आजीला वाचून दाखवलं, तिने दोनदा वाचायला लावलं. दोन शंका राहिल्या. सुट्टीत येताना तिथल्या मैत्रिणी भेट म्हणून कझीचं पाकीट देतात म्हणे, ते काय करायचं? आणि वर "कोनिना" लिहिलंय, मग वाक्यात "कोनिनु" का?

---

वाशी_सेक्टर९

पाकीट आणू नका. मांसाच्या पदार्थांच्या आयातीला परवाना लागतो, मुंबई विमानतळावर ते काढून घेतील. मैत्रिणींना भेट द्यायचीच असेल तर कुर्त म्हणजे सुकवलेल्या दह्याच्या गोळ्या असतात, पण तेही दुधाचं, म्हणून सरळ चॉकलेट मागून घ्यावं.

कोनिना आणि कोनिनु हा विभक्तीचा फरक आहे. नुसतं नाव घेताना कोनिना, खाण्याचं कर्म झालं की कोनिनु, आणि "घोड्याच्या मांसासह" म्हणताना कोनिनोय. पाटीवर "मांती स कोनिनोय" असं लिहिलेलं असतं, त्यात फक्त "कोनिना" शोधणाऱ्याची नजर पुढे जाते. म्हणून भाचीने अख्खा शब्द पाठ न करता "कोनिन" एवढा सुरुवातीचा भाग डोळ्यात आणि कानात बसवावा. पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनच्या बाईंकडून तो शब्द रशियन अक्षरांत एका कागदावर लिहून घ्यावा आणि मोबाईलच्या कव्हरमागे ठेवावा.